समितीबाहेर ठेवलेले बाबासाहेब

वांगणीच्या फलाटावर सकाळची मुंबईकडे जाणारी लोकल यायच्या आधी पांढऱ्या काठ्यांचा टकटक आवाज ऐकू येतो. कर्जत मार्गावर बदलापूरच्या पुढचे हे स्थानक, अंबरनाथ तालुक्यातले. शहरात घरभाडे परवडत नाही म्हणून अनेक अंध कुटुंबे येथे येऊन राहिली. त्यांतले कितीतरी बांधव-भगिनी लोकलच्या डब्यात चाव्यांच्या कड्या, पेन, कंगवे, मोबाईलची कव्हरे विकून पोट भरतात. गाडी हाच त्यांचा बाजार आणि गाडीचे वेळापत्रक हीच त्यांची अर्थव्यवस्था!

त्याच गाडीत बसून आम्ही वर्तमानपत्र उघडतो. मोठमोठे शब्द समोर येतात. आर्थिक सुरक्षा, व्यापारनीती, संरक्षणाची व्यूहरचना. या विषयांत म्हणे देशाला आता 'तज्ज्ञ नेतृत्व' पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले तेव्हापासून हा सूर अधिकच चढला. निर्यातीचे कपडे, हिरे-दागिने, कोळंबी अशा धंद्यांतील कामगारांच्या पोटावर त्याची झळ बसली. वाटाघाटींच्या फेऱ्या झडल्या. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरसाठी ९० रुपयांहून अधिक मोजावे लागले. तेव्हा तज्ज्ञ माणसे पाहिजेत, या म्हणण्याला आमचा विरोध नाही. असण्याचे कारणही नाही. आमचा प्रश्न एवढाच की, या देशात तज्ज्ञ कोणाला म्हणायचे, आणि तो आमच्यातला निघाला तर त्याला कोठे बसवायचे?

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. त्याचे उत्तर या देशाने १९५१ सालीच देऊन ठेवले आहे. अर्थशास्त्र, व्यापार, चलन, श्रम, वीज, पाणी, संरक्षण आणि परराष्ट्र धोरण या सर्वांचा एकत्र विचार करणारा एक माणूस स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बसला होता. त्यांचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्याकडून कायद्याचे काम करून घेतले गेले. परंतु जेथे पैसा, परराष्ट्र आणि संरक्षण यांचे निर्णय होत होते, त्या खोलीचे दार मात्र त्यांच्यासाठी उघडले नाही!

बाबासाहेब म्हटले की घटना, आरक्षण आणि धर्मांतर एवढेच लोकांना आठवते. काहीसा दोष आमचाही आहे. जयंतीच्या व्यासपीठावरून त्यांच्यातील अर्थशास्त्रज्ञाबद्दल आम्ही किती बोलतो? वास्तविक पाहता बाबासाहेबांचे सुरुवातीचे शिक्षणच अर्थशास्त्राचे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार हा विषय अभ्यासला. एक व्यापारी कंपनी या देशाची मालक कशी झाली आणि तिने येथला पैसा कसा बाहेर नेला, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच आकड्यांनिशी तपासले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला. त्याआधी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी.साठी त्यांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

आज रुपया घसरला की दूरचित्रवाणीवर चर्चा रंगते. रुपया स्वस्त झाला म्हणजे निर्यात वाढेल, देशाचा फायदा होईल, असे कोणीतरी छातीठोकपणे सांगतो. शंभर वर्षांपूर्वीही असेच सांगणारे लोक होते. बाबासाहेबांनी त्यांना साधा परंतु मुळावर घाव घालणारा प्रश्न विचारला. फायदा देशाचा म्हणता, पण देशातल्या कोणाचा? चलनाची किंमत घसरली की वस्तूंचे भाव लगेच चढतात, मजुरी मात्र मागून रखडत रखडत वाढते. मधल्या काळात मालकाच्या हाती जो जादा नफा येतो तो परदेशातून आलेला नसतो. तो आपल्याच देशातल्या मजुराच्या ताटातून काढलेला असतो. म्हणजे ज्याला राष्ट्राचा लाभ म्हणून मिरवले जाते तो एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला लाभ असतो. बाबासाहेबांच्या चलनविषयक विवेचनाचे हे सार आहे. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष देतानाही त्यांनी कष्टकऱ्यांची ही बाजू सोडली नाही.

आता हीच गोष्ट वांगणीला लावून पाहा. रुपया पडला की खनिज तेल महाग पडते, कारण आपल्या देशाला लागणारे बहुतेक तेल बाहेरून येते. तेलाचा खर्च वाढला की भाजीच्या टेम्पोचे भाडे, गॅसची टाकी, रिक्षाचे शेअर भाडे या सर्वांवर त्याचा ताण येतो. लोकलमध्ये दहा रुपयांना पेन विकणारा अंध बांधव मात्र दुसऱ्या दिवशी तेच पेन बारा रुपयांना विकू शकत नाही. त्याचे गिऱ्हाईकही त्याच्यासारखेच तुटपुंज्या कमाईचे. डॉलर त्याने आयुष्यात हाताळलेला नाही. तरीही डॉलरच्या भावाचा भार शेवटी त्याच्याच खांद्यावर येऊन पडतो. हे ज्याला दिसते तो खरा अर्थतज्ज्ञ, असे आम्ही मानतो.

संरक्षणाचेही तसेच. बाबासाहेबांचा जन्मच महूच्या लष्करी छावणीतला. वडील रामजी सुभेदार हे फौजेच्या शाळेत शिकवणारे. ज्या जातीने कंपनीच्या सैन्यात मर्दुमकी गाजवली तिचीच भरती इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली, पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर ती मोडून टाकली. सैन्यातील भरती हा भाकरीचा आणि इज्जतीचा प्रश्न आहे हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९४१ मध्ये व्हाइसरॉयने नेमलेल्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर ते सदस्य होते. त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. युद्धाला नुसते शिपाई पुरत नाहीत. लेथवर काम करणारा, फिटर, वेल्डर, वीजतंत्रीही लागतो. ही माणसे तयार करणारी तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्या खात्याकडे होती. पाटबंधारे आणि वीज हेही विषय त्यांच्याकडेच. दामोदर खोऱ्याची योजना, नद्यांच्या पाण्यासाठी आणि विजेसाठी केंद्रीय तांत्रिक संस्था यांची पायाभरणी याच काळातली. वीज नसेल तर कारखाने नाहीत, कारखाने नसतील तर शेतीवरचा माणसांचा भार हटणार नाही, आणि तो हटला नाही तर दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची साखळी पक्की होती. लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर १९१८ मध्ये लिहिताना त्यांनी हेच मांडले होते. असा माणूस १९४७ मध्ये पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात आला.

पुढे काय झाले ते बाबासाहेबांनीच सांगून ठेवले आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याचे निवेदन ते १० ऑक्टोबर १९५१ रोजी संसदेत करणार होते. त्याची प्रत आधी द्या असा आग्रह पीठासनावरून धरला गेला, तेव्हा ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांकडे गेले. हिंदू कोड बिलामुळे त्यांनी राजीनामा दिला एवढे सर्वांना माहीत असते, आणि ते खरेच आहे. परंतु त्या निवेदनात आणखीही कारणे आहेत, ती फारशी कोणी वाचत नाही. कायदा खात्याखेरीज एखादे प्रशासकीय खाते मिळावे अशी त्यांची अपेक्षा होती. नियोजनाचे खाते देण्याचा शब्द मिळाला होता, तो पाळला गेला नाही. मंत्रिमंडळाच्या परराष्ट्र समितीवर ते नव्हते. संरक्षण समितीवर ते नव्हते. अर्थविषयक समिती स्थापन झाली तेव्हा आपण मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून तेथे तरी नाव असेल असे त्यांना वाटले, तर तेथेही नाव नव्हते! पंतप्रधान इंग्लंडला गेले असताना मंत्रिमंडळाने त्यांना त्या समितीवर घेतले. परत आल्यावर झालेल्या फेररचनेत ते वगळले गेले. त्यांनी निषेध नोंदवला तेव्हा कोठे पुन्हा नाव आले.

वाचकहो, हा कोणाच्या रुसव्या-फुगव्याचा प्रश्न नाही. चलनावर जगन्मान्य ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या देशाच्या अर्थसमितीवर बसण्यासाठी निषेध नोंदवावा लागतो, यातच आपल्याकडच्या 'तज्ज्ञ' या शब्दाचा खरा अर्थ दडलेला आहे. गुणवत्तेचा डांगोरा पिटणाऱ्यांनी एकदा तरी हे निवेदन वाचावे.

समितीबाहेर ठेवल्यामुळे नुकसान कोणाचे झाले? बाबासाहेबांचे नव्हे, देशाचे झाले. त्याच निवेदनात त्यांनी एक हिशेब मांडला आहे. देशाचा वार्षिक महसूल सुमारे ३५० कोटी रुपये, त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. म्हणजे निम्म्याहून अधिक! एवढा खर्च का करावा लागतो? तर परराष्ट्र धोरणाने आपल्याला मित्र उरले नाहीत म्हणून, असे त्यांचे उत्तर होते. परराष्ट्र धोरण, सैन्याचा खर्च आणि गरिबांच्या शिक्षण-आरोग्यासाठी उरणारा पैसा या तीन गोष्टी त्यांनी एका सूत्रात ओवल्या. संरक्षणाचे तज्ज्ञ संरक्षणाचे बोलतात, अर्थतज्ज्ञ अर्थाचे बोलतात. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत लिहिणारा माणूस विरळा!

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत ते परराष्ट्र धोरणावर बोलले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनशी पंचशील करार झाला होता आणि चोहीकडे मैत्रीच्या घोषणा चालू होत्या. बाबासाहेबांनी त्या उत्साहात सूर मिसळला नाही. बौद्ध धम्मातले पंचशील त्यांना कोणी शिकवावे अशी गरज नव्हती. पण राजकारणातल्या पंचशीलावर चीनचे राज्यकर्ते खरोखर विश्वास ठेवतात काय, असा रोखठोक सवाल त्यांनी केला. तिबेट चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या सीमेला भिडली, याकडे त्यांनी लक्ष वेधले. गोव्याच्या बाबतीत सरकारने वेळीच पाऊल उचलले असते तर प्रश्न थोडक्यात सुटला असता, असेही ते म्हणाले. डिसेंबर १९५६ मध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाले. गोवा मुक्त करायला १९६१ चा डिसेंबर उजाडला आणि तोही सैन्य पाठवूनच. १९६२ मध्ये चीनने काय केले ते सांगायची गरज नाही. ज्यांनी इशारा दिला ते समितीबाहेर आणि ज्यांचा अंदाज चुकला ते समितीत, असा हा न्याय!

हे सर्व आम्ही वांगणीत बसून का लिहितो? कारण संरक्षण हा विषय आमच्यापासून दोन स्थानकांवर आहे. अंबरनाथला पन्नासच्या दशकात संरक्षण खात्याचे दोन कारखाने उभे राहिले, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाईप फॅक्टरी. नौदलासाठी संशोधन करणारी नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीही अंबरनाथलाच आहे. साध्या पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी वारंवार पाण्याच्या वरच्या थरात यावे लागते आणि तेथेच ती शत्रूला सापडते. ती पाण्याखाली अधिक काळ राहू शकेल अशी इंधनघटावर चालणारी यंत्रणा या प्रयोगशाळेने विकसित केली आणि मार्च २०२१ मध्ये जमिनीवरील तिची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. शेजारचे उल्हासनगर तर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर वसले. फाळणीने उखडलेले सिंधी बांधव त्या बराकींत राहिले आणि त्यांनी तेथे बाजारपेठ उभी केली. म्हणजे संरक्षण, व्यापार आणि पोट हे तिन्ही विषय आमच्या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. त्यावर बोलायला दिल्लीहून परवाना आणायचे कारण नाही.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून देशातील ४१ कारखाने ७ सरकारी कंपन्यांत वाटले गेले. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडिया कंपनीकडे गेली आणि मशीन टूल फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. कामगार संघटनांनी विरोध केला, तेव्हा संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी आणणारा कायदा २०२१ मध्येच करण्यात आला. कारभार सुधारला पाहिजे हे आम्हालाही मान्य आहे. जुने बोर्ड सुस्त होते, हे कामगारही खासगीत कबूल करतात. पण निर्णय घेणाऱ्या तज्ज्ञांच्या यादीत चाळीस वर्षे लेथवर उभा राहिलेला कामगार कोठे होता? बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असा आग्रह धरला होता. सरकारी कारखान्यात आरक्षण लागते, तेथे आमच्या मुलाला अप्रेंटिस होऊन कायम होण्याची वाट असते. कंपनी झाली, उद्या भाग विकले, परवा मालक बदलला, तर ती वाट राहील काय? हा प्रश्नही संरक्षणाचाच आहे, कारण तो देशाच्या रक्षणासाठी राबणाऱ्या घरांचा आहे.

'तज्ज्ञ' या शब्दाच्या आडून दुसरे दारही बंद केले जाते. सचिवालयातील वरच्या जागांवर बाहेरून थेट तज्ज्ञ घेण्याची पद्धत २०१८ मध्ये १० सहसचिवांच्या जाहिरातीने जोरात सुरू झाली. १७ ऑगस्ट २०२४ रोजी अशा ४५ जागांची जाहिरात आली. तीत आरक्षण नव्हते! ओरड झाली आणि अवघ्या तीन दिवसांत ती मागे घ्यावी लागली. आम्ही विचारतो, अर्थ, व्यापार, संरक्षण यांचे ज्ञान काय एकाच वस्तीत पिकते? डॉ. नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ म्हणून मोठ्या पदावर पोहोचले, पुढे नियोजन आयोगाचे सदस्य झाले. डॉ. सुखदेव थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. संधी मिळाली तेव्हा आमची माणसे कोठेही कमी पडली नाहीत. तज्ज्ञ मिळत नाहीत असे नाही, तज्ज्ञ शोधणाऱ्यांची नजर ठरावीक उंबरठ्यांपलीकडे जात नाही.

सुरक्षा म्हणजे नेमके काय, हे वांगणीने दोनदा पाहिले आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारावर प्रवासी पाण्यात! आपत्ती दलाचे आणि नौदलाचे जवान आले, गावकरी धावले, आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. त्या दिवशी देशाची सुरक्षा आमच्या रुळांवर उतरली होती. दुसरी वेळ मार्च २०२० ची. टाळेबंदीत लोकल बंद झाली आणि वांगणीच्या अंध बांधवांचा बाजार एका रात्रीत उठला. सामान्य प्रवाशांना पुन्हा गाडीत पाऊल ठेवायला फेब्रुवारी २०२१ उजाडले, तेही ठरावीक वेळांपुरतेच. त्या काळात सामाजिक संस्थांनी आणि शेजाऱ्यांनी शिधा पोहोचवला म्हणून चुली पेटल्या. पुरात अडकलेल्यांसाठी यंत्रणा हलली, ते योग्यच झाले. भुकेत अडकलेल्यांसाठी मात्र अशी कोणती नाव निघाली? ज्या दिवशी या दोन्ही संकटांना देश सारखेच 'सुरक्षेचे' संकट मानील, त्या दिवशी बाबासाहेब अर्थसमितीवर बसले असे आम्ही समजू.

म्हणून नुसती तक्रार करून भागणार नाही. दार बंद आहे हे खरे, पण दारावर थाप मारायला हातात काही पाहिजे. आमच्या वस्त्यांतली मुले इंजिनिअरिंग, पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षा यांच्यापलीकडे पाहत नाहीत. अर्थशास्त्र हा कला शाखेतला उरलेला विषय म्हणून घेतला जातो. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा, चलनव्यवहार, संरक्षणशास्त्र हे विषय आपल्यासाठी नाहीत अशी समजूत करून घेतली जाते. ज्यांच्या बापाने कोलंबिया आणि लंडन येथे जाऊन रुपयाचा उलगडा केला, त्यांच्या लेकरांनी असे म्हणावे काय? राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी अर्ज करणाऱ्या मुलांनी या विषयांकडे वळावे. प्रत्येक विहारातील वाचनालयात बाबासाहेबांचे अर्थविषयक लेखन असावे, आणि ते कपाटात पूजेसाठी नव्हे तर रविवारी एकत्र बसून वाचण्यासाठी असावे. अर्थसंकल्प आला की आमच्या कार्यकर्त्यांनी त्याची चिरफाड स्वतः करावी, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये.

आणि कोणी तज्ज्ञ म्हणून समोर आला की बाबासाहेबांनी शिकवलेला प्रश्न त्याला न घाबरता विचारावा. हा फायदा देशातल्या कोणाचा, आणि त्याची किंमत कोण मोजणार? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही तो पदव्यांनी कितीही मोठा असो, आमच्या लेखी तो अर्धवट तज्ज्ञ होय.

उद्या सकाळी वांगणीच्या फलाटावर पुन्हा पांढऱ्या काठ्यांचा आवाज येईल. डब्यात कोणीतरी व्यापारयुद्धावर तावातावाने बोलत असेल आणि त्याच्याच शेजारून एक बांधव 'दहाला एक, दहाला एक' म्हणत पुढे सरकेल. दोघांचे अर्थशास्त्र एकच आहे. ते ज्यांना एक दिसले होते त्यांना आपण समितीबाहेर ठेवले. निदान त्यांच्या लेकरांना तरी यापुढे कोणी बाहेर ठेवू शकणार नाही, एवढी तयारी आपण करू या.

जय भीम!